दोन दिवस उशिरा

टोकियोत गुरुवारी सकाळी येतं
ते रुमोईला शनिवारी दुपारी.
मध्ये सामुद्रधुनी, बर्फ,
आणि एक ट्रकवाला, ज्याला गरम नूडल्स पोटात गेल्याशिवाय
पुढचा घाट दिसत नाही.
हे दोन दिवस आम्ही कानात बोळे घालून काढतो.
कोण मेलं, कोण वाचलं, कुणी कुणाला शेवटी सांगून टाकलं
हे साऱ्या देशाला ठाऊक असतं.
कोतोनेची मावसबहीण तिकडे राहते, दुष्ट आहे,
गुरुवारी रात्री फोनवर नुसता एक रडका चेहरा पाठवते.
तेवढ्यावर पोरीच्या घशाखाली घास उतरत नाही.

मी दुकानदार. खोकं मीच फोडतो,
पण आधी वाचत नाही, शपथ आहे.
कणा बघतो, कागद हुंगतो,
किंमत बघतो: तीस येन वाढली.
या आठवड्यात शाळेतल्या प्रेमाचे दोन,
पावाच्या भट्टीचा एक,
एक तलवारीचा, नऊ खंड झाले, तलवार म्यानातच,
आणि 'भरतीचा टपालवाला', एकोणीस.

स्टोव्हभोवती चौघं. बूट दाराशी, मोज्यांना वाफ.
मिचिए-सान चाळीस वर्षं नर्स होत्या.
"सलाईन बघा कुठं टांगलंय. मरायचा हा."
"मरतोच," शिराताकी म्हणतो,
आणि कोतोने त्याच्या अंगावर धावून जाते.
पोस्टातला माणूस, पण शेवटची पानं
आधी फोडल्याशिवाय त्याला राहवत नाही.

हमाया बोलत नाही.
खेकड्याच्या होडीवरची बोटं, जाड,
पान नखाच्या पाठीनं उलटतो.
अकराव्या खंडात टपालवाल्यानं होडी खुंट्याला बांधली,
ती गाठ पहिल्या लाटेला सुटली असती.
हमायानं पत्र लिहिलं, आयुष्यातलं दुसरं,
सोबत हातभर दोर, गाठ मारून.
उत्तर आलं नाही.
चौदाव्यात गाठ बरोबर होती.
त्या शनिवारी सगळ्यांना बिअर, कोतोनेला संत्र्याचा रस.
चित्रकाराची आणि त्याची गाठ पडली ती एवढीच.

आज बासष्टाव्या पानावर तो थांबला.
पुढे गेला. मागे आला.
चौदावा मागितला. दोन्ही मांडीवर उघडे.
"हा दोर त्याचा नाही."
"चुकली गाठ?"
"बरोबर आहे. चौदाव्यात बघून काढलीय.
दोर हातात घेऊन नाही."

मिचिए-साननी चष्मा लावला.
चेहरे त्याचेच, म्हणाल्या. डोळे तर त्याचेच.
लाटा नाहीत. हात नाहीत.
"चेहरे तेवढे स्वतः काढतो आता."
"का?" कोतोनेनं विचारलं.
त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवली,
हवेतच कुणाची तरी नाडी धरावी तशी,
आणि काही बोलल्या नाहीत.

शिराताकीनं वेष्टणाची आतली घडी उघडून
चित्रकाराचं मनोगत वाचलं:
यंदा बर्फ कमी. मांजराचं वजन वाढलंय.
पुन्हा वाचलं.
मी प्रकाशकाचं पत्रक शोधलं.
विसाव्यापुढे लिहिलं होतं, तारीख नंतर कळवू.

हमायानं खोक्याची सुतळी उचलली,
बाकाच्या पायाला गाठ मारली, सोडवली,
पुन्हा मारली, सावकाश,
शिकवताना मारतात तशी.
मग तेवढा तुकडा चाकूनं कापून काउंटरवर ठेवला.
"सोमवारी निघेल," शिराताकी म्हणाला.
"पण इथून निघालेलंही
तिकडे दोन दिवस उशिराच पोचतं."

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग कोतोनेच: काही असो,
नावाड्याच्या मुलीनं त्याला नाही म्हणायला नको होतं.
आणि मिचिए-सान, चष्मा पुसत:
"का नको? तू बघितलंस कधी
टपालवाल्याच्या घरी किती वाजता दिवा लागतो?"